बॉनेटवरचे सत्तावीस डाग

रविवारी सकाळी कस्तुरीने पुन्हा एकदा डाग मोजले. सत्तावीस. शुक्रवारी संध्याकाळी वीस होते. म्हणजे कालच्या एका दिवसात सात नवे डाग पडले होते आणि घरातल्या कुणालाही काही दिसलं नव्हतं.

डाग होते आत्याच्या गाडीवर. तेही सगळीकडे नाहीत, फक्त बॉनेटच्या उजव्या बाजूला. काही पांढरट, काही तपकिरी, नखाएवढे आणि बोट लावलं तर चिकट. पाण्याने धुतले तर हूं की चूं करत नव्हते. आता गाडीवर डाग पडणं ही काही जगबुडी नव्हे, असं तुम्ही म्हणाल. पण ही गाडी साधी नव्हती. तिला सौररंग (सूर्यप्रकाशापासून वीज तयार करणारा रंग) दिलेला होता. गाडी उन्हात उभी राहिली की तिचं अंगच वीज बनवायचं आणि त्या विजेवर ती चढणीच्या वाड्या सहज चढून जायची.

कस्तुरीची आत्या, डॉक्टर सुलक्षणा परुळेकर, वेंगुर्ल्याच्या पट्ट्यातली गुरांची डॉक्टर. अडलेली म्हैस असो की ताप आलेली शेळी, आत्या हजर. पूर्वी ती स्कूटरवरून जायची, पावसाळ्यात दोनदा आपटली होती. तीन महिन्यांपूर्वी सरकारी योजनेतून तिला ही गाडी चाचणीसाठी मिळाली. उद्या, सोमवारी, तपासणी होती. शंभरपैकी निदान पंच्याऐंशी वीज तयार होत असेल तर गाडी कायमची आत्याची. आज सकाळी गाडीने आपल्या गोड आवाजात सांगितलं होतं, "नमस्कार. वीजनिर्मिती शंभरपैकी एकसष्ट."

हे कोण करतंय, याबद्दल कस्तुरीच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. नाबर आजोबा!

कस्तुरीचा स्वभावच तसा. दूध पातळ लागलं तर गवळ्यावर संशय, पेन सापडलं नाही तर बाकावरच्या मैत्रिणीवर संशय. आत्या म्हणायची, "हिला उचकी लागली तरी ही विचारील, कुणी लावली?" पण या वेळी तिच्यापाशी कारणं होती. नाबर आजोबा शेजारच्या बंद घरात राहायला आले मागच्या रविवारी आणि पहिले डाग दिसले सोमवारी. शिवाय आजोबा एकटे. पडवीत नुसत्या बाटल्याच बाटल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. सकाळी साडेसहाला ते कुंपणाच्या फटीतून आत येत, गाडीच्या बॉनेटजवळ नाक नेत, डागाला बोट लावत, बोटाचा वास घेत आणि मान हलवत परत जात. सज्जन माणूस दुसऱ्याच्या गाडीचा वास घेत फिरेल का?

हे सगळं कस्तुरीला कसं ठाऊक? तर ते तिचं गुपित होतं. आजोबा राहायला आले त्याच संध्याकाळी तिने वाढदिवसाला मिळालेला पाखरं टिपायचा कॅमेरा अंगणातल्या फणसाच्या फांदीवर बसवून टाकला होता. चांगले लांबलचक चार स्क्रू पिळून, पानांआड, कुणाला दिसणार नाही असा. जे हलेल त्याच्याकडे तो आपोआप मान वळवायचा आणि चित्र टिपायचा. शेजाऱ्यावर पाळत ठेवलेली आत्याला मुळीच आवडली नसती. म्हणून तिने आत्याला सांगितलंच नाही.

दुसरी एक गोष्टही तिने सांगितली नव्हती. शुक्रवारी आत्या गोठ्यात एका वासराचं पोट तपासत होती, हात भरलेले होते. तपासणीचा अर्ज भरायची शेवटची वेळ झाली होती. आत्या ओरडली, "कस्तुरी, माझ्या फोनवरून भर गं तेवढा. डागांचं कारण विचारलंय तिथे 'माहीत नाही' लिही." कस्तुरीने तिथे लिहिलं, 'शेजारी श्री. नाबर यांनी मुद्दाम टाकलेले डाग.' आणि बटण दाबलं.

तर रविवारी सकाळी सत्तावीस डाग मोजून झाल्यावर कस्तुरीला काही राहवेना. आत्या लसी द्यायला उभादांड्याला गेली होती, स्कूटरवरून. कस्तुरीने स्वयंपाकघरातून सुरी आणली. एकेक डाग खरवडून काढायचा, की झालं! सुरीचं टोक तिने पहिल्या डागाच्या कडेला टेकवलं, तोच कुंपणापलीकडून आवाज आला.

"थांब गो! ती सुरी आधी खाली ठेव!"

नाबर आजोबा धोतराचा सोगा सावरत धावत येत होते. हातात एक बाटली होती. कस्तुरी सुरी घेऊन दोन पावलं मागे सरली.

"पुरावा नष्ट करायला आलात ना?" ती म्हणाली.

आजोबा थबकले. "कसलो पुरावो?"

"डाग तुम्हीच टाकता. मला माहितीये. तुम्ही रोज सकाळी येता, वास घेता."

आजोबांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यांना हसू आलं. "चार दिवस मी तुज्या फाटकार येतंय सांगूक, आणि तू फाटक लावन घेतंस! माका वाटलाच होता, ह्या पोराच्या डोक्यात कायतरी शिजता."

नाबर आजोबांची एक गंमत होती. रागावले किंवा रंगात आले की ते मालवणी बोलत. पण पस्तीस वर्षं त्यांनी ठाण्याकडच्या एका रंगांच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ (पदार्थ कशाचे बनतात आणि एकमेकांशी कसे वागतात ते अभ्यासणारा) म्हणून काम केलं होतं. काही समजावून सांगायला लागले की त्यांची भाषा आपोआप वर्गातल्यासारखी होई.

"ऐक. सौररंगाचा थर आपल्या नखाहूनही पातळ असतो. सुरीने डाग निघेल, पण त्याच्याबरोबर रंगही निघेल. डाग धुता येतो, ओरखडा धुता येत नाही."

"सत्तावीस डागांनी एवढी वीज कशी कमी होईल? बाकीची गाडी तर स्वच्छ आहे," कस्तुरीने उलट विचारलं. तिला वाटलं, आता सापडतील.

"चांगला प्रश्न. या रंगात बारीक बारीक सौरघट (प्रकाशापासून वीज करणारे कप्पे) असतात. ते माळेसारखे एकापुढे एक जोडलेले असतात. अरुंद साकवावरून माणसं रांगेने चाललीत आणि पुढचा एक जण अडखळला, तर मागचे सगळे खोळंबतात की नाही? तसं एका घटावर सावली पडली की त्याची आख्खी रांग मंदावते."

हे कस्तुरीला पटलं. पण पटलं असं दाखवायचं नाही, हे तिने ठरवलेलं होतं.

"आणि या बाटलीत काय आहे?"

"खोबरेल."

"कशावरून?"

आजोबांनी तिच्यासमोर बाटली धरली. तिने वास घेतला, दोन थेंब तळहातावर चोळले. खोबरेलच होतं. तरी ती म्हणाली, "तुम्ही त्यात काही मिसळलं असेल तर? आधी कुठेतरी लपलेल्या जागी लावून बघायचं."

आता रागावतील, असं तिला वाटलं. पण आजोबांनी चक्क टाळी वाजवली. "शाबास! नवीन पदार्थ रंगावर वापरायचा तर आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात वापरून बघायचा. माझ्या कारखान्यातली निम्मी पोरं हे विसरायची."

दाराच्या आतल्या कडेला त्यांनी एक थेंब लावला आणि थांबले. दहा मिनिटांनी पुसला. रंग होता तसाच, चकचकीत.

"मग आता मला सांग," आजोबा म्हणाले, "फणस कापताना हाताला काय लावतेस?"

"तेल. सगळेच लावतात. सुरीला पण."

"कित्याक?"

"चीक चिकटू नये म्हणून." असं म्हणता म्हणता कस्तुरीचं लक्ष बॉनेटवर गेलं. पांढरट, तपकिरी, चिकट. जन्मापासून दर वैशाखात तिने हाच चीक पाहिला होता, गऱ्यांसाठी हाताला तेलही चोपडलं होतं. पण हातावरचा चीक आणि गाडीवरचा डाग एकच असू शकतो, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. डोक्यात नाबर आजोबाच इतके भरले होते की दुसऱ्या कशाला जागाच नव्हती.

"हा फणसाचा चीक आहे?"

"वास घेऊन माझी तरी खात्री झालीय. पण तू माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. प्रयोग कर."

मग त्यांनी कापसाचे तीन बोळे केले. एक नुसत्या पाण्यात बुडवला, एक साबणाच्या पाण्यात, एक खोबरेलात. तीन डागांवर तीन बोळे ठेवले. कस्तुरीने घड्याळ लावलं. पंधरा मिनिटं झाल्यावर पहिला बोळा उचलला. डाग ढिम्म. दुसऱ्याखालचा डाग कडेला जरासा मऊ झालेला. तिसरा बोळा उचलला, तर डाग साय मऊ पडावी तसा झाला होता. आजोबांनी मऊ फडक्याने तो अलगद टिपला आणि खालचा निळा रंग चमकला.

"असं का होतं?" कस्तुरीने विचारलं. या वेळी मात्र तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

आजोबा पायरीवर बसले. "प्रत्येक पदार्थ रेणूंचा (पदार्थाच्या अगदी लहान कणांचा) बनलेला असतो. पाण्याच्या रेणूला दोन टोकं असतात, एका टोकाला थोडा धन विद्युतभार, दुसऱ्याला थोडा ऋण. त्यामुळे पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. साखर, मीठ यांच्याशी त्यांचं जमतं, कारण तेही तशाच भाराचे. म्हणून ते पाण्यात विरघळतात. पण तेल, मेण, राळ यांच्या रेणूंवर अशी टोकं जवळजवळ नसतात. पाणी त्यांना आपल्यात घेतच नाही. लग्नात बघ, जो तो आपल्या ओळखीच्या घोळक्यात जाऊन बसतो. सारख्यात सारखं विरघळतं, हा साधा नियम आहे."

"आणि चीक तेलाच्या घोळक्यातला?"

"बरोबर. ताज्या चिकात पाणी असतं आणि त्यात राळेचे, रबरासारख्या पदार्थाचे बारीक कण तरंगत असतात. म्हणून तो दुधासारखा दिसतो. उन्हात पाणी उडून जातं, कण एकमेकांना बिलगतात आणि डाग घट्ट बसतो. मग पाण्याचं काही चालत नाही. द्रावक (दुसऱ्या पदार्थाला विरघळवणारा पदार्थ) तेलाच्या जातीचाच लागतो."

"मग पेट्रोल लावलं तर आणखी पटकन निघेल!"

"निघेल. त्याच्याबरोबर वरचा पारदर्शक थरही मऊ पडेल, कदाचित सुरकुतेल. आपल्याला असा द्रावक हवा जो चिकाला सोडवेल आणि रंगाला हात लावणार नाही. खोबरेल हळू काम करतं, म्हणूनच ते सुरक्षित."

कस्तुरीने डोळे बारीक केले. "पण ही गाडी तीन महिने याच झाडाखाली उभी असते. तेव्हा एक थेंब पडला नाही. तुम्ही आल्यावरच कसा पडायला लागला?"

"हेच तर मला आठवडाभर कळत नाहीये!" आजोबा उठून उभे राहिले. "झाड उगाच चीक गाळत नाही. जखम झाली की ती बुजवायला चीक येतो, आणि थोड्या वेळात तो वाळून तोंड बंद होतं. इथे मात्र रोज नवा थेंब. म्हणजे कुणीतरी जखम रोज उघडतंय. कुठल्या दिवशी किती डाग पडले, ते माहीत असतं तर..."

"माझ्याकडे आहे," कस्तुरी म्हणाली आणि धावत वही घेऊन आली. आजोबांविरुद्ध पुरावा म्हणून लिहिलेली वही.

आजोबा वाचू लागले. मंगळवार, अंगणात कुत्र्यांना लस टोचायचं शिबिर, माणसांची ये-जा, नऊ डाग. गुरुवार, आत्या बसने बैठकीला, कस्तुरी शाळेत, अंगण रिकामं, एक डाग. काल शनिवार, मुलं दिवसभर लगोरी खेळली, सात डाग. तिन्ही दिवस गाडी जागची हलली नव्हती.

"अंगणात माणसं हलली की चीक जास्त," आजोबा पुटपुटले. "झाडाला माणसं कशी दिसतील? असं काय आहे वर, जे माणसं हलली की हलतं?"

कस्तुरीला उत्तर कळलं होतं, पण ते खोटं असावं असं तिला फार वाटत होतं. ती हळूच बॉनेटच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि तिने मान वर केली. पानांआड बारीक घरघर झाली. कॅमेऱ्याने तिच्याकडे मान वळवली. स्क्रू फांदीत किंचित फिरले, आणि एक पांढरा थेंब टप्पकन तिच्या गालावर पडला.

आजोबांनीही ते पाहिलं. त्यांनी नुसता तेलाचा बोळा तिच्यापुढे केला.

त्यामुळे तिला रडूच आलं. "मीच केलं," ती हुंदके देत म्हणाली. "तुमच्यावर नजर ठेवायला लावला होता. आणि अर्जात तुमचं नाव लिहिलंय. आत्याला माहीतच नाही. आणि अर्जात नियम आहे, घरच्यांच्या हयगयीने रंगाचं नुकसान झालं तर गाडी परत घेणार."

आजोबा गाल खाजवत राहिले. आपलं नाव सरकारी कागदावर चढलंय हे ऐकून त्यांना वाईट वाटलं होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. शेवटी ते म्हणाले, "अर्जाचं तू बघ. आधी गाडीचं बघू. वर चढ आणि ते यंत्र काढ."

दुपारभर दोघं राबले. कॅमेरा निघाला, फांदीवरची भोकं तशीच सुकायला सोडली. गाडी ढकलत मांगराच्या (गवत-अवजारं ठेवायच्या खोपटाच्या) सावलीत नेली, कारण तापलेल्या पत्र्यावर चीक आणखी आवळतो. आधी भरपूर पाण्याने धूळ धुऊन काढली, नाहीतर फडक्याखालची वाळूच रंग घासते. मग एकेका डागावर तेलाचा बोळा, पंधरा मिनिटं थांबणं आणि जुन्या पंच्याच्या तुकड्याने टिपणं. कस्तुरीला घासायची फार घाई व्हायची आणि आजोबा दर वेळी "थांब गो" म्हणायचे. नवे डाग एका फेरीत गेले. सोमवार-मंगळवारचे जुने तीन-तीन फेऱ्यांनी सुटले.

"झालं!" कस्तुरी म्हणाली.

"अजून नाही. बॉनेटवर तेलाचा थर बसलाय. त्यावर धूळ बसेल आणि ऊन अडेल. आता साबण. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला. तो मधला ओळख करून देणारा पाहुणा. त्याचा हात धरून तेल पाण्याबरोबर निघून जातं."

सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन, पुसून गाडी चकाचक झाली तेव्हा ऊन उतरलं होतं. वीज मोजायला आता सकाळच उजाडायला हवी होती. आत्या परतली आणि गाडी पाहून तिने दोघांनाही शाबासकी दिली. कस्तुरीला कॅमेऱ्याचं सांगायचा धीर झाला नाही.

सोमवारी दहा वाजता तपासनीस मुजावर मॅडम आल्या. जाड भिंग, मोजणीचं यंत्र आणि छापलेला अर्ज. त्या आत्याला म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्या शेजाऱ्यांनी मुद्दाम डाग टाकलेत असं लिहिलंय. तसं असेल तर तुमच्या गाडीला धोका नाही, कारण हयगय तुमची नाही. पण मग मला त्यांच्यावर तक्रार नोंदवावी लागेल."

आत्या गोंधळली. "मी असं लिहिलेलं नाही."

नाबर आजोबा कुंपणापाशी उभे होते. त्यांनी कस्तुरीकडे बघितलंसुद्धा नाही. गप्प राहिलं तर गाडी नक्की राहणार होती. बोललं तर आत्या पुन्हा स्कूटरवर, पुन्हा पावसात. कस्तुरीला हे सगळं अगदी स्पष्ट दिसत होतं.

"आजोबांनी काही केलेलं नाही," ती म्हणाली. "ते नाव मी लिहिलं. डाग माझ्यामुळे पडले." मग कॅमेरा, स्क्रू, जखम, चीक, सगळं तिने सांगून टाकलं. सांगताना आत्याच्या चेहऱ्याकडे बघायची तिची हिंमत झाली नाही.

मुजावर मॅडमनी चष्मा पुसला. "म्हणजे घरच्यांची हयगय. नियम तुला माहीत आहे?"

"हो."

मॅडम भिंग घेऊन बॉनेटवर वाकल्या. उजवी बाजू इंच इंच पाहिली. नखाने चाचपली, वास घेतला. मग गाडी उन्हात घेऊन यंत्र लावलं. गाडी म्हणाली, "नमस्कार. वीजनिर्मिती शंभरपैकी त्र्याण्णव."

"काय वापरलंत? पेट्रोल नाही ना?"

"खोबरेल. मग साबणाचं पाणी. आधी दाराआड लावून बघितलं होतं. सावलीत केलं. घासलं नाही, टिपलं."

मॅडमनी अर्ज उघडून नियम पुन्हा वाचला, या वेळी मोठ्याने. "'हयगयीने रंगाचे नुकसान झाल्यास गाडी परत घेण्यात येईल.' हयगय मला सापडली. नुकसान कुठे आहे?" त्यांनी पुन्हा बॉनेटवर हात फिरवला. "एक ओरखडा नाही. गाडी इथेच राहील, डॉक्टर. आणि किनाऱ्यावर अशा अकरा गाड्या आहेत, सगळ्या कुठल्या ना कुठल्या झाडाखाली उभ्या असतात. ही पद्धत लिहून द्या मला."

त्यांनी अर्ज कस्तुरीपुढे ठेवला. कस्तुरीने नाबर आजोबांचं नाव खोडलं आणि तिथे स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. मग कागद घेऊन ती कुंपणापाशी गेली आणि तो आजोबांना दाखवला. "मी चुकले, आजोबा."

आजोबांनी तो दोनदा वाचला. "वय पण घाल हां, अकरा म्हणान. नायतर लोकांक वाटतला, कोणतरी मोठी गुन्हेगार." आत्या मागून आली. ती कस्तुरीवर रागावणार होती, हे तिच्या चालण्यावरून कळत होतं, आणि संध्याकाळी ती खरोखरच चांगली तासभर रागावली. पण आत्ता तिने आधी आजोबांना हात जोडले.

"डॉक्टर, पोरगी मला उसनी द्या," आजोबा म्हणाले. "चीक चिकटणारच नाही असा सौररंग बनवायचा प्रयत्न करतोय मी. बाटल्या पाहिल्यात ना? कारखान्यात सगळे मला 'हो साहेब, हो साहेब' करायचे, त्यात माझे दोन रंग फसले. मला माझ्या प्रत्येक बाटलीवर संशय घेणारा माणूस हवाय. फक्त तिने आधी मोजायचं आणि मग बोलायचं. जमेल गो?"

कस्तुरीने मान डोलावली. मग ती कुंपणाच्या फटीतून आजोबांच्या पडवीत गेली आणि पहिल्या बाटलीवरची चिठ्ठी वाचून तिने विचारलं, "हे कशावरून?"